पेक्टोरॅलिस मेजर

छातीच्या पुढील बाजूस पंख्यासारखा पसरलेला जाड, त्रिकोणी स्नायू. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, दोन्ही अंगांना एकेक असतो. काखेची पुढची कड चिमटीत धरली की हाताला लागतो तो याच स्नायूचा खालचा काठ. स्तनाचा सुमारे दोन तृतीयांश पाया यावर टेकलेला असतो. याच्या मागे दडलेला पेक्टोरॅलिस मायनर हा लहान स्नायू बरगड्यांपासून निघून खांद्याच्या पात्याला जोडलेला असतो. नावे सारखी असली तरी मोठा स्नायू दंड हलवतो आणि लहान स्नायू पाते.

नाव लॅटिन ‘पेक्टस’ म्हणजे छाती या शब्दावरून आले. शारीरशास्त्रज्ञ व्हेसेलियसच्या १५४३ मधील ग्रंथात स्नायूंना नावे नसून क्रमांक आहेत. नावांची पद्धत त्या शतकात आणि त्यानंतर हळूहळू रूढ झाली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी, म्हणजे स्नायू, मोजल्या आहेत. त्यांपैकी ६६ कोष्ठात, म्हणजे धडात, आणि त्या ६६ मधील १० वक्षात सांगितल्या आहेत. या दहांतील एखादीची सांगड प्रस्तुत स्नायूशी घालण्याचा मोह होतो, परंतु तेथे केवळ संख्या असून उगम व शेवट दिलेले नसल्याने ती सांगड अनुमानाच्या पुढे जात नाही.

रचना : स्नायूचे दोन मुख्य भाग मानतात. जत्रुकीय भाग जत्रुकाच्या, म्हणजे कॉलर बोनच्या, आतील अर्ध्या लांबीवरून निघतो. उरःपर्शुकीय भाग बराच मोठा असून तो उरोस्थीचा पुढील पृष्ठभाग आणि वरच्या सहा बरगड्यांच्या कूर्चा यांवरून निघतो. पोटाच्या बाहेरील तिरक्या स्नायूच्या पातळ कंडरापटावरून (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग) येणाऱ्या तंतूंना काही लेखक तिसरा, उदरीय भाग म्हणतात, तर काही ते दुसऱ्याच भागात धरतात. सर्व तंतू बाहेरच्या दिशेने एकवटून सुमारे ५ सेंमी. रुंदीच्या चपट्या कंडरेत उतरतात. ही कंडरा दंडाच्या हाडावरील, बायसेप्सची लांब कंडरा जिच्यातून जाते त्या खोबणीच्या बाहेरील ओठाला चिकटते.

या कंडरेची घडण हा शारीरशास्त्रातील जुना कुतूहलाचा विषय आहे. तिला पुढचा आणि मागचा असे दोन थर असून ते खालच्या काठाशी एकमेकांत मिसळतात. आडव्या छेदात आकार वर उघड्या असलेल्या पन्हळीसारखा दिसतो. जत्रुकावरून व उरोस्थीच्या वरच्या भागावरून आलेले तंतू पुढच्या थरात जातात. सर्वांत खालून निघालेले तंतू मात्र इतरांच्या मागून वर चढतात आणि हाडावर सर्वांत वरच्या जागी पोहोचतात. परिणामी हात खाली लोंबत असताना स्नायू पिळल्यासारखा असतो, आणि हात डोक्यावर नेला की तो पीळ उलगडतो. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत याला १८० अंशांचा पीळ म्हटले आहे. थर सुटे करून केलेल्या अलीकडच्या विच्छेदनांनंतर काही लेखक दोराच्या पिळापेक्षा कापडाच्या घडीची उपमा पसंत करतात, आणि पन्हळीचा छेद पाहता तीच वस्तुस्थितीला जास्त जवळची वाटते. उपमा कोणतीही घेतली तरी खालच्या तंतूंवर पडणारा ताण वेगळा असतो, हे १९९२ मध्ये वुल्फ व सहकाऱ्यांनी दाखविले. आडवे झोपून वजन उचलताना दंड धडाच्या मागे जातो. या हालचालीच्या अखेरच्या ३० अंशांत खालचे तंतू इतरांच्या मानाने फार ताणले जातात.

मज्जातंतू : पुरवठा दोन मज्जातंतूंकडून होतो. पार्श्व पेक्टोरल मज्जातंतूत मानेच्या पाचव्या ते सातव्या मज्जामुळांचे तंतू असतात. मध्य पेक्टोरल मज्जातंतूत मानेच्या आठव्या व छातीच्या पहिल्या मुळाचे. ही नावे विद्यार्थ्यांना हमखास चकवतात. ‘पार्श्व’ व ‘मध्य’ या संज्ञा काखेतील मज्जाजालाच्या ज्या रज्जूतून मज्जातंतू निघतो त्या रज्जूच्या आहेत, छातीवरील जागेच्या नव्हेत. छातीवर ‘पार्श्व’ मज्जातंतू मध्यरेषेच्या जवळ असतो, तर ‘मध्य’ मज्जातंतू पेक्टोरॅलिस मायनरला भेदून किंवा त्याच्या काठाला वळसा घालून अधिक बाहेरून येतो. दोन्ही भागांचा पुरवठा वेगळ्या उंचीवरून येत असल्याने मेरुरज्जूच्या इजेत एक भाग निकामी होऊन दुसरा शाबूत राहू शकतो. तपासताना म्हणूनच दोन्ही भागांची ताकद स्वतंत्रपणे पाहतात.

रक्त मुख्यत्वे थोरॅको-ॲक्रोमियल रोहिणीच्या (धमनीच्या) पेक्टोरल शाखेतून मिळते. आतल्या बाजूस अंतर्वक्षीय रोहिणीच्या शाखा मदत करतात.

कार्य : दंड धडाजवळ ओढणे आणि आतल्या बाजूस फिरविणे ही एकत्रित कामे. सुटेपणी पाहिल्यास जत्रुकीय भाग दंड पुढे उचलतो, तर उरःपर्शुकीय भाग उचललेला दंड विरोधाला न जुमानता खाली ओढतो. एकाच स्नायूचे दोन भाग असे परस्परविरोधी काम करतात. हात वर अडकवून शरीर वर खेचताना, उदा., दोरीवर चढताना, तो पाठीच्या लॅटिसिमस डॉर्साय या स्नायूला साथ देतो. ढकलणे, फेकणे, कवेत घेणे यांतील त्याचा वाटा उघडच आहे.

श्वसनातील भूमिकेबाबत मात्र मते पूर्ण जुळत नाहीत. हात कशावर तरी टेकवून स्थिर केले की हा स्नायू बरगड्या वर ओढून श्वास आत घ्यायला मदत करतो, असे परंपरेने सांगितले जाते, आणि दम लागलेला माणूस गुडघ्यांवर हात टेकतो हे उदाहरण दिले जाते. १९८६ मध्ये द ट्रॉयेर व सहकाऱ्यांनी मानेच्या खालच्या भागात मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णांत याच्या उलट गोष्ट नोंदविली. या रुग्णांचे पोटाचे स्नायू लुळे पडलेले असतात, तरी ते जोर लावून श्वास बाहेर टाकू शकतात. शाबूत राहिलेला जत्रुकीय भाग उरोस्थीचा वरचा तुकडा आणि वरच्या बरगड्या खाली दाबतो. त्यांचा खोकला बराचसा या भागाच्या बळावर होतो.

जन्मजात अभाव : उरःपर्शुकीय भाग एका बाजूस जन्मतःच नसणे आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड किंवा जुळलेली असणे याला पोलंड लक्षणसमूह म्हणतात. उजवी बाजू आणि पुरुष यांत प्रमाण जास्त आढळते. नावाचा मान मात्र वादग्रस्त आहे. आल्फ्रेड पोलंड यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयात विद्यार्थी असताना एका शवाच्या विच्छेदनावरून १८४१ मध्ये वृत्तांत दिला. त्यापूर्वी फ्रान्समध्ये लालमाँ (१८२६) आणि जर्मनीत फ्रोरीप (१८३९) यांनी अशीच उदाहरणे नोंदविली होती. शिवाय पोलंड यांचा भर छातीवर होता, हाताच्या व्यंगावर नव्हे. त्याच रुग्णालयातील शल्यविशारद पॅट्रिक क्लार्कसन यांनी १९६२ मध्ये संग्रहालयात जपलेला तो हात पाहून हे नाव रूढ केले. तेव्हा अग्रक्रम फ्रोरीप किंवा लालमाँ यांना द्यावा हे म्हणणे डावलता येत नाही. पण नाव आता बदलण्यासारखे राहिलेले नाही. गर्भावस्थेच्या सुमारे सहाव्या आठवड्यात अवजत्रुक (जत्रुकाखालच्या) रोहिणीचा किंवा तिच्या शाखांचा प्रवाह खंडित होत असावा, ही कारणमीमांसा सध्या जास्त ग्राह्य धरली जाते. आश्चर्य असे की, अनेक रुग्णांना दैनंदिन कामांत फारसा अडथळा जाणवत नाही.

इजा व शस्त्रक्रिया : कंडरा तुटण्याची पहिली नोंद सामान्यतः पातिसिए (पॅरिस, १८२२) यांची मानतात. आज ही इजा बहुधा तरुण व मध्यमवयीन पुरुषांना वजन उचलताना होते, आणि खालचे तंतू आधी तुटतात. काखेची पुढची कड नाहीशी होणे ही तिची ठळक खूण. शल्यविशारद हॉल्स्टेड यांच्या १८९४ मधील शस्त्रक्रियेत स्तनाच्या कर्करोगासाठी हा स्नायूही काढून टाकत असत. पेटी यांनी १९४८ मध्ये तो जागी ठेवणारी पद्धत मांडली. आर्यन यांनी १९७९ पासून रोहिणीसकट सोडवून घेतलेला हाच स्नायू डोके व मानेच्या मोठ्या जखमा झाकण्यासाठी वापरात आणला.

विकल्प : काही व्यक्तींत उरोस्थीलगत या स्नायूच्या पृष्ठभागावर एक उभी पट्टी आढळते. टर्नर यांच्या १८६७ मधील लेखापासून ती ‘स्टर्नॅलिस’ म्हणून ओळखली जाते. तिचा उगम पेक्टोरॅलिसपासून की पोटाच्या सरळ स्नायूपासून, आणि तिला पेक्टोरल मज्जातंतू पुरवतो की बरगड्यांमधला, यावर एकमत नाही. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत तिची सावली कधीकधी गाठ समजली जाते.