संधिकला

गुडघा, खांदा, बोटांची पेरे अशा हलत्या सांध्यांच्या पोकळीला आणि कंडरांभोवतीच्या (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांभोवतीच्या) म्यानांना आतून असलेले पातळ, ओलसर अस्तर म्हणजे संधिकला. डॉक्टर तिला सायनोव्हियम म्हणतात. सांध्यातल्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, मात्र ती नसते.

अस्तर म्हटले की त्वचेसारख्या, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशी डोळ्यांपुढे येतात. संधिकला तशी नाही, आणि तिचे सारे वेगळेपण यातच आहे. पृष्ठभागाशी पेशींचे जेमतेम एक ते तीन थर असतात. जाडी साधारण २० ते ४० मायक्रोमीटर. त्यांच्याखाली आधारपटल, म्हणजे पेशींना तोलून धरणारा पातळ पडदा, नसते, पेशींमध्ये फटी राहतात. त्यामुळे तिची गणना संयोजी ऊतकात, म्हणजे शरीराचे भाग जोडणाऱ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या ऊतकात, होते.

१९६२ साली बार्लंड, नोव्हिकॉफ आणि हॅमरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने यातल्या पेशींचे दोन प्रकार सांगितले. ‘ए’ पेशी भक्षक पेशींच्या कुळातल्या. त्यांच्यात रिक्तिका (पोकळ पिशव्या), लयकारिका (पचन करणाऱ्या पिशव्या) आणि मोठे गॉल्जी पिंड (पेशीतले पदार्थ बांधून पाठवणारे भाग) दिसतात. सांध्यातला कचरा गिळणे हे त्यांचे काम. ‘बी’ पेशी तंतुजनक, म्हणजे ऊतकाचे तंतू तयार करणाऱ्या पेशींच्या जातीच्या. त्यांच्यात खडबडीत अंतर्द्रव्य जालिका (प्रथिने बनवणारे पेशीतले जाळे) ठासून भरलेली असते, कारण त्यांना सतत स्राव तयार करायचा असतो: द्रवाला चिकटपणा देणारे हायल्युरॉनिक आम्ल आणि वंगणाचे काम करणारे ल्युब्रिसिन. उंदरांवरील २०१९ च्या संशोधनात मात्र सर्वांत वरच्या भक्षक पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या आढळल्या. म्हणजे हे अस्तर वाटले होते तितके उघडे नाही.

पेशींच्या लगेच खाली सच्छिद्र भिंतींच्या केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांतून गाळून आलेला रक्तद्रव आणि ‘बी’ पेशींचा स्राव मिळून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा संधिद्रव बनतो. निरोगी गुडघ्यात तो चहाच्या चमच्याभरही नसतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषण मुख्यतः याच थेंबांवर चालते.

कंडरेच्या म्यानाला दोन पदर असतात, एक कंडरेला चिकटलेला, दुसरा बाहेरचा. मधल्या द्रवामुळे बोट मिटताना कंडरा अलगद सरकते.

आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हेच नाजूक अस्तर फोफावते. थर दहाच्या वर जातात आणि वाढलेले ऊतक कूर्चा व हाड कुरतडते. म्यानांनाही हेच अस्तर असल्यामुळे सांध्यांबरोबर मनगटाजवळच्या कंडरांची म्यानेही सुजतात, आणि कधी कधी कंडरा तुटते.