नागिणीवरचा आळ आणि खरा विषाणू

ठाणे-नवी मुंबईतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत तिशी ओलांडलेल्या बाईच्या गर्भपिशवीचं तोंड सौम्य ॲसिड लावून पाहतात, तेव्हा शोध असतो एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूने मागे ठेवलेल्या बदलांचा. विषाणूमुळे कॅन्सर होतो हे पटायला मात्र फार काळ गेला.

१९११ मध्ये न्यूयॉर्कला पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी आणि जिवाणू अडतील अशा गाळणीतून काढून निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. कोंबड्यांचं दुखणं म्हणून ते बाजूला पडलं. नोबेल मिळालं थेट १९६६ मध्ये! त्याच्या दोन वर्षं आधी एप्स्टाइन, अचॉन्ग आणि बार यांना आफ्रिकी मुलांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला होता.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये संशय आधी जननेंद्रियाच्या नागिणीवर, म्हणजे हर्पीसच्या विषाणूवर होता, कारण रुग्णांच्या रक्तात तिची प्रतिपिंडं जास्त सापडत. पण प्रतिपिंडं एवढंच सांगतात की कधीतरी लागण झाली. आणि नागीण काय, एचपीव्ही काय, दोन्ही शरीरसंबंधातूनच येतात, म्हणून एकाची लागण झालेल्या बाईला दुसऱ्याचीही झालेली असू शकते. जर्मन विषाणुतज्ज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी रक्त सोडून गाठीतच डीएनए शोधला. नागिणीचा सापडेना. १९८३ मध्ये एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार मिळाला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. अशा गाठीत बहुधा अख्खा विषाणू नसतोच. त्याचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात घुसतो, पण ई६ आणि ई७ ही जनुकं शाबूत राहतात. ई६ मुळे पी५३ हे प्रथिन नष्ट होतं, ई७ मुळे आरबी हे प्रथिन निकामी. पेशीची बेसुमार वाढ रोखणारे दोन्ही ब्रेक जातात. बहुतेक लागण एक-दोन वर्षांत आपोआप जाते. टिकली तरी कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात, आणि तपासणीला वाव मिळतो तो इथेच.

खारघरची ॲक्ट्रेक ही कॅन्सर संशोधन संस्था ज्या टाटा स्मारक केंद्राचा भाग आहे, त्याने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हीच ॲसिडची तपासणी करून पाहिली. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणीची कृती सोपी: ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, मग पूर्ण एक मिनिट थांबणं. ठळक कडेचा पांढरा डाग उठला, तर पुढची तपासणी. घाई केली की डाग नीट उठत नाही. सूज असेल तर उगाच पांढरं दिसतं. पाळी गेलेल्या बाईत बदलत्या पेशींचा पट्टा, जिथे हा कॅन्सर बहुधा सुरू होतो, आत सरकतो, तिथे नजरेचा उपयोग नाही. एचपीव्हीची डीएनए चाचणीच करावी.