संग्रहणी, उष्णकटिबंधीय

संग्रहणी, उष्णकटिबंधीय : उष्ण कटिबंधात राहणाऱ्या किंवा तेथे काही काळ राहून आलेल्या लोकांना होणारा लहान आतड्याचा चिरकारी (दीर्घकाळ चालणारा) विकार. आधुनिक वैद्यकात तो ‘ट्रॉपिकल स्प्रू’ या नावाने ओळखला जातो. फिकट, तेलकट व घाण वासाचे जुलाब महिनोन्‌महिने चालू राहणे, अन्नावरची वासना उडणे, वजन उतरणे, जीभ लाल व गुळगुळीत होऊन तिखट न सोसणे आणि फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व यांच्या अभावी पांडुरोग (रक्तक्षय) होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. या पांडुरोगात रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या असतात. परस्परांशी संबंध नसलेल्या किमान दोन अन्नघटकांचे शोषण बिघडलेले असावे आणि त्याचे दुसरे कोणतेही कारण सापडू नये, ही वेल्लोरच्या संशोधकांनी रूढ केलेली व्याख्या आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. तिचा उत्तरार्ध विशेष महत्त्वाचा आहे. इतर कारणे नीट न शोधता ‘संग्रहणी’ म्हणून उपचार सुरू केले, तर आतड्याचा क्षय किंवा अर्बुद (कर्करोगासारखी गाठ) यांसारखा गंभीर रोग मागे दडून राहू शकतो.

इतिहास : आयुर्वेदातील ग्रहणीरोग आणि हा विकार एकच की काय, याविषयी मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेत आमाशय (जठर) व पक्वाशय (मोठे आतडे) यांच्यामधील पित्तधरा कलेला ग्रहणी म्हटले आहे. चरकसंहितेत ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान मानले असून चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीदोषाचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत. या अध्यायाचा काळ ठरविणे सोपे नाही. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आपण पूर्ण केले, असे चरकसंहितेचा नंतरचा संपादक दृढबल स्वतः सांगतो. ते सतरा कोणते, याविषयी टीकाकारांत व निरनिराळ्या पाठांत एकवाक्यता नाही. तथापि ग्रहणीचा अध्याय प्रचलित गणनांनुसार दृढबलाच्याच वाट्याला येतो. त्यामुळे त्याचे आजचे रूप मूळ चरकाच्या काळातले न मानता इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दृढबलाला आणखी अलीकडे आणणारेही अभ्यासक आहेत. माधवनिदानात (साधारण सातवे-आठवे शतक) अतिसारानंतर ग्रहणीरोग उद्‌भवतो, ही गोष्ट स्पष्टपणे नोंदली आहे. तीव्र जुलाबांच्या एखाद्या आजारानंतर संग्रहणी जडते, या आधुनिक निरीक्षणाशी ती जुळते. असे असले, तरी ग्रहणीरोगाच्या वर्णनात आज वेगळे ओळखले जाणारे अनेक विकार एकत्र आले असावेत. त्यात जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आमांश, क्षोभी आतडे आणि संग्रहणी या सर्वांना जागा आहे. म्हणून ग्रहणी व स्प्रू यांचे थेट समीकरण मांडण्यापेक्षा, ग्रहणीच्या व्यापक वर्णनात हा विकारही अंतर्भूत होता, असे म्हणणे सुरक्षित होय.

पाश्चात्त्य वैद्यकात पहिल्या वर्णनाचा मान विल्यम हिलरी या इंग्रज वैद्याला दिला जातो. बार्बेडोस बेटावरील हवामान व साथीचे रोग यांवरील त्याचा ग्रंथ १७५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोंड येणे, दीर्घकाळ जुलाब आणि खंगत जाणे यांचे तपशीलवार वर्णन आहे. हिलरीने पाहिलेला रोग खरोखर हाच होता का, याविषयी अलीकडच्या काही लेखकांनी शंका घेतली आहे. पुढे १८८० मध्ये चीनमधील आमॉय बंदरात काम करणारा पॅट्रिक मॅन्सन आणि जावातील बटेव्हियाचा डच वैद्य व्हान डर बर्ख यांनी स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले. ‘स्प्रू’ हे डच वसाहतीतले नाव मॅन्सनमुळे इंग्रजी वैद्यकात स्थिरावले.

दुसऱ्या महायुद्धात आसाम व ब्रह्मदेश या आघाडीवर ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांत, तसेच हिंदुस्थानात ठेवलेल्या इटालियन युद्धकैद्यांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. छावणीत एकाच वेळी अनेकांना तो होत असल्याने केवळ कदन्न किंवा उष्ण हवा हे कारण पुरेसे नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

फॉलिक अम्लाचा शोध : या रोगाच्या उपचाराचा एक धागा मुंबईत येतो. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश रक्तविज्ञ मुंबईत आली आणि गरीब वस्तीतील गर्भवतींच्या, विशेषतः कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या, मोठ्या पेशींच्या पांडुरोगाचा अभ्यास तिने सुरू केला. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. या अर्कातील अज्ञात घटकाला बराच काळ ‘विल्स घटक’ म्हणत. तो फॉलिक अम्ल असल्याचे नंतर स्पष्ट झाले. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ मध्ये फॉलिक अम्ल संश्लेषणाने तयार झाले आणि लगेच, १९४६ च्या सुमारास, टॉम स्पाइझ व त्याच्या सहकाऱ्यांनी क्यूबातील संग्रहणीच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवून दिला.

लेडर्लेतील त्या संशोधनाचे संचालक येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) होते. आंध्रातील भीमवरमचे हे जीवरसायनज्ञ तरुणपणी स्वतः संग्रहणीने आजारी होते. त्यांचे भाऊ याच रोगाने गेले आणि मद्रासचे वैद्य आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदीय उपचारांनी ते स्वतः बरे झाले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. टेट्रासायक्लीन गटातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन हेही बेंजामिन डग्गरने लेडर्लेमध्येच शोधून १९४८ मध्ये जाहीर केले. आज संग्रहणीसाठी वापरली जाणारी दोन्ही मुख्य औषधे अशा रीतीने एकाच प्रयोगशाळेच्या कामातून उगम पावली. सुब्बारावांचे नाव भारतीय पाठ्यपुस्तकांत याहून ठळकपणे यायला हवे.

कारणमीमांसा : संग्रहणी नेमकी कशाने होते, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे वादाचा आहे. प्वेर्तो रीकोत काम करणाऱ्या बेली ॲशफर्डने मोनिलिया जातीच्या बुरशीला दोष दिला. ते मत टिकले नाही. केवळ अन्नातील उणिवांचा सिद्धांतही मागे पडला, कारण चांगले खाणाऱ्या परदेशी सैनिकांना व प्रवाशांना हा रोग होतोच. फॉलिक अम्ल दिल्याने रक्त सुधारते. आतड्याची हानी मात्र पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही.

जंतुसंसर्गाची बाजू फ्रँक क्लिपस्टाइनच्या कॅरिबियन बेटांतील कामाने बळकट केली. क्लेब्सिएला, एश्चेरिकिया कोलाय व एंटरोबॅक्टर यांसारखे मोठ्या आतड्यातील जंतू या रुग्णांच्या लहान आतड्यात ठाण मांडतात आणि त्यांची विषे पाण्याचे शोषण बिघडवितात, असे त्याला आढळले. टेट्रासायक्लीनने हे जंतू हटले की शोषण सुधारते. याउलट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील अभ्यासात गावातील निरोगी माणसांच्या लहान आतड्यातही जवळजवळ असेच जंतू मिळाले, आणि दक्षिण भारतातील रुग्णांना टेट्रासायक्लीनचा गुण कॅरिबियन रुग्णांइतका झटपट आला नाही. सेल्विन बेकर व व्ही. आय. मथान यांनी १९६० नंतरच्या दशकात उत्तर अर्काट जिल्ह्यातील गावांतील साथींचा पाठपुरावा केला. रोग एका गावातून दुसऱ्या गावात पसरत होता आणि मुलांपेक्षा प्रौढांना अधिक होत होता. संसर्गजन्य कारकाकडे बोट दाखविणारा याहून सबळ पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. १९७५ च्या सुमारास मथान व इतरांना रुग्णांच्या मलात विषाणुसदृश कण दिसले; मात्र ते निरोग्यांतही आढळल्याने त्यांचा अर्थ अनिश्चित राहिला.

जी. सी. कुक यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार या मतांना जोडणारा आहे. तीव्र संसर्गाने श्लेष्मकलेला (आतड्याच्या आतल्या अस्तराला) इजा होते. न शोषलेली चरबी शेषांत्रापर्यंत (लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत) पोहोचते. तेथून स्रवणाऱ्या एंटरोग्लुकागॉनसारख्या संप्रेरकांमुळे आतड्याची हालचाल मंदावते. साचलेल्या अन्नात जंतू वाढतात आणि इजा भरून येत नाही. हालचाल मंदावणे व जंतूंची अतिवृद्धी यांचा संबंध लखनौच्या संशोधकांनीही पुढे नोंदविला. प्रस्तुत नोंदीत ‘संसर्गोत्तर’ हे मत अधिक ग्राह्य मानले आहे. मात्र साथीचा रोग आणि एकेकट्या रुग्णांत दिसणारा रोग यांचे मूळ एकच असेल, असे गृहीत धरू नये.

उष्ण कटिबंधातील पुष्कळ निरोगी माणसांच्या आतड्यातील उद्वर्धही (अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटेही) समशीतोष्ण देशांतील लोकांच्या तुलनेत आखूड असतात. पूर्व पाकिस्तानात आलेल्या अमेरिकन पीस कोअरच्या स्वयंसेवकांत असे बदल झाल्याचे १९६६ मध्ये दाखविले गेले. मायदेशी परतल्यावर ते नाहीसे होतात. या ‘उष्णकटिबंधीय आंत्रविकृती’ला संग्रहणी म्हणत नाहीत. दोहोंची गल्लत केल्यास केवळ बायॉप्सीवरून (आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरून) निरोग्याला रोगी ठरविले जाते.

प्रसार : दक्षिण भारत, आग्नेय आशिया, प्वेर्तो रीको, क्यूबा, हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक येथे हा रोग ठळकपणे आढळत आला, जमैकात क्वचित आणि आफ्रिकेत तुरळक. पिण्याचे पाणी सुधारल्याने व प्रतिजैविके सहज मिळू लागल्याने त्याचे प्रमाण घटले आहे.

निदान : रुग्णाची हकिकत पुष्कळ सांगून जाते. ‘एकदा जोराचे जुलाब लागले आणि तेव्हापासून पोट सुधारलेच नाही’ असे रुग्ण सांगतो. ताप, पोटात पीळ पडून दुखणे, उजव्या बाजूस खाली गाठ लागणे किंवा शौचावाटे रक्त जाणे ही संग्रहणीची लक्षणे नव्हेत. ती असल्यास क्षय, क्रोन रोग किंवा अर्बुद यांचा आधी विचार करावा.

अपशोषण (अन्नघटकांचे बिघडलेले शोषण) सिद्ध करण्यासाठी दोन जुन्या चाचण्या आजही उपयोगी आहेत. एकीत ५ ग्रॅम डी-झायलोज ही शर्करा पाण्यातून देतात व पाच तासांची लघवी गोळा करतात. तीत १ ग्रॅमपेक्षा कमी शर्करा उतरल्यास लहान आतड्याच्या वरच्या भागातील शोषण बिघडल्याचे समजतात. मूत्रपिंडे नीट काम करीत नसतील, तर हा निष्कर्ष फसवा ठरतो. दुसरीत मलातील चरबी मोजतात. दिवसाकाठी ७ ग्रॅमपेक्षा अधिक चरबी जाणे विकृत होय. रक्तातील ब१२ व फॉलेट, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि कॅल्शियम यांची मोजणी सोबत करतात.

१९५७ मधील क्रॉस्बीच्या कुपीने तोंडावाटे मध्यांत्रातील (लहान आतड्याच्या मधल्या भागातील) तुकडा काढणे शक्य झाले. आता एंडोस्कोपीने आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे घेतात. संग्रहणीत उद्वर्ध आखूड व रुंद होतात, त्यांच्यामधील खाचा खोल होतात आणि पृष्ठपेशींमध्ये लसीकापेशी वाढतात. पण श्लेष्मकला पूर्णपणे सपाट क्वचितच होते. शेषांत्रही ग्रासलेले असते, म्हणूनच ब१२ चा अभाव येथे नेहमीचा आहे.

गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक रोगापासून हा विकार वेगळा काढणे हा निदानातील सर्वांत नाजूक भाग आहे. सीलिॲकमध्ये इजा वरच्या भागात अधिक असते, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे सापडतात आणि डीक्यू२ वा डीक्यू८ ही जनुकचिन्हे जवळपास नेहमी असतात. ही दोन्ही जनुकचिन्हे नसल्यास सीलिॲक बहुधा नाकारता येतो. तपासण्या होण्यापूर्वीच पोळी बंद केली, तर प्रतिपिंडे उतरतात आणि निदान संदिग्ध होते. उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात दीर्घ अपशोषणाचे मोठे कारण आता सीलिॲक ठरले आहे. पूर्वी संग्रहणी म्हणून नोंदलेले काही रुग्ण प्रत्यक्षात त्याचेच असावेत.

जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा व स्ट्राँगिलॉइडिस यांच्यासाठी मलाची तपासणी एकाहून अधिक वेळा करावी लागते. एचआयव्ही चाचणी टाळू नये. रक्तदाबासाठी ओल्मेसार्टन घेणाऱ्यांत नेमके असेच चित्र दिसू शकते, हे २०१२ पासून ज्ञात आहे. गोळी थांबविली की आतडे सुधारते. आतडे अरुंद झाल्याची शंका असल्यास कॅप्सूल एंडोस्कोपी (कॅमेरा असलेली कुपी गिळवून केलेली तपासणी) करू नये, कुपी अडकून बसू शकते. खात्री नसताना क्षयाची औषधे ‘करून पाहणे’ही धोक्याचे आहे. त्यांतील रिफॅम्पिसिन आतड्यातील जंतूंवरही परिणाम करीत असल्याने तात्पुरते बरे वाटून निदान चुकू शकते.

उपचार : फॉलिक अम्ल रोज ५ मिग्रॅ. आणि टेट्रासायक्लीन २५० मिग्रॅ. दिवसातून चार वेळा, किंवा त्याऐवजी डॉक्सिसायक्लीन रोज १०० मिग्रॅ., असा उपचार तीन ते सहा महिने चालवितात. ब१२ ची इंजेक्शने सोबत दिलीच पाहिजेत, कारण ब१२ कमी असताना एकटे फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण मज्जारज्जूची हानी वाढू शकते. जिभेची आग व अरुची काही दिवसांतच ओसरतात. वजन भरून यायला अनेक आठवडे लागतात. गर्भवतींना व आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लीन टाळतात.

आहारात आरंभी चरबी कमी ठेवतात. श्लेष्मकलेतील लॅक्टेज घटल्याने दूध पचत नाही. ताक सोसते, कारण विरजताना दुधातील शर्करा काही प्रमाणात कमी होते. ग्रहणीदोषात ताक श्रेष्ठ असल्याचे चरकसंहितेतील वचन आणि महाराष्ट्रातील वैद्यांची रुग्णाला ताकावर ठेवण्याची पद्धत यांना एवढा आधार निश्चित आहे. पारदयुक्त (पारा असलेल्या) पर्पटी या आयुर्वेदीय औषधांविषयी तसे म्हणता येत नाही.

उष्ण कटिबंध सोडून गेलेले रुग्ण सहसा पूर्ण बरे होतात. तेथेच राहणाऱ्यांपैकी काहींना काही वर्षांत रोग उलटतो. अशा वेळी तोच उपचार पुन्हा देण्यापूर्वी बायॉप्सीसह सर्व तपासण्या नव्याने करतात.