भोवळीवरील व्यायामोपचार

अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय बिघडल्यामुळे येणारी भोवळ व जाणारा तोल, डोके, डोळे आणि शरीर यांच्या ठरावीक हालचालींनी आटोक्यात आणण्याची पद्धती. ज्या हालचालीने गरगरते तीच मोजूनमापून पुन्हा पुन्हा करणे, हे तिचे मूळ सूत्र. व्यवहारात डोळ्यांपुढे अंधारी येण्यालाही चक्करच म्हणतात. येथे भोवळ म्हणजे स्वतः किंवा भोवताल फिरत असल्याचा भास, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

या व्यायामांचा पद्धतशीर वापर साधारणपणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून धरतात. इंग्लंडमधील कर्णशल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न व डॉ. कुक्सी यांनी डोक्याला मार बसलेल्या आणि कानाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी एक कवायत बसवली. तीविषयीचे त्यांचे लेख १९४४ व १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. पडल्या पडल्या डोळे फिरवणे, मग बसून मान हलवणे, उभे राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकणे, शेवटी जिना व उतार चढणे-उतरणे, असा तिचा क्रम. हिंडते-फिरते रुग्ण लवकर सावरतात, हे निरीक्षण तिच्यामागे होते.

उतारवयात सर्वाधिक आढळणारी भोवळ कूस बदलताना किंवा मान वर करताना येते. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये तिचे वर्णन केले. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये तिची निदानचाचणी रूढ केली. कारणाबद्दल मात्र मतभेद राहिला. शुकनेक्ट यांच्या मते (१९६९) अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून तेथीलच अर्धवर्तुळाकार नलिकेतील संवेदी पडद्याला चिकटतात. हॉल, रूबी व मॅक्क्लूर यांनी १९७९ मध्ये हे कण नलिकेतील द्रवात मोकळे फिरतात, असे मांडले. डोके हलवल्यावर काही सेकंदांनी भोवळ सुरू होणे, बहुधा मिनिटाच्या आत ती ओसरणे आणि चाचणी लागोपाठ केल्यास मंदावणे, या तिन्ही गोष्टी दुसऱ्या मताने अधिक सहज उलगडतात. पुढे शस्त्रक्रियेत नलिकेतील मोकळे कण प्रत्यक्ष दिसल्याने त्याला बळकटी आली. पडद्याला चिकटलेले कण काही रुग्णांत असावेत, हेही मान्य केले जाते. ब्रँट व डॅरॉफ यांचा १९८० चा व्यायाम चिकटलेले कण सुटे करण्यासाठी योजलेला होता. मोकळ्या कणांच्या रुग्णांनाही तो लागू पडतो, तो कण विखुरल्यामुळे की मेंदूला सवय झाल्यामुळे, यावर एकमत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एप्ली यांच्या कृतीत डोके क्रमाने वळवून कण नलिकेतून बाहेर काढतात. आज पश्च (मागच्या बाजूच्या) अर्धवर्तुळाकार नलिकेच्या विकारात सहसा आधी तीच करतात, आणि पुष्कळांना एक-दोन बैठकींतच उतार पडतो.

एका कानाचे संतुलनेंद्रिय कायमचे दुबळे झाल्यास कण हलवून काही साधत नाही. तेथे मेंदूलाच नव्याने शिकवावे लागते. समोरच्या अक्षरावर नजर खिळवून मान डावी-उजवीकडे हलवणे हा त्यासाठीचा मुख्य व्यायाम. सुरुवातीला थोडे गरगरणे अपेक्षितच असते. भोवळ दाबणारी औषधे दीर्घकाळ चालू ठेवल्यास मेंदूने या उणिवेची करावयाची भरपाई लांबते, म्हणून ती तीव्र अवस्थेपुरतीच द्यावीत, असा कल आहे.

वृद्धांत कान हे बहुधा एकमेव कारण नसते. अधू दृष्टी, तळपायांची कमी झालेली संवेदना, मांड्यांचे दुबळे स्नायू, उठताना उतरणारा रक्तदाब व झोपेची औषधे यांचा एकत्र परिणाम होतो. म्हणून पायांच्या बळाचे व तोलाचे व्यायाम जोडावे लागतात. न्यूझीलंडमधील ओटागो हा पायांच्या बळाच्या व तोलाच्या व्यायामांचा कार्यक्रम आणि ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार यांचा पडणे कमी करण्यासाठी उपयोग दिसून आला आहे. पडण्याच्या धास्तीने चालणेच सोडलेल्या व्यक्तीला कोपऱ्यात, पुढे खुर्ची ठेवून उभे करणे ही बरी सुरुवात. एकटीला डोळे मिटून उभे राहायला सांगू नये.

मानेचे मणके झिजलेले असल्यास एप्लीची कृती जाणकारानेच बेताने करावी. भोवळीबरोबर जीभ जड होणे, एकाची दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा अजिबात उभे न राहता येणे, यांपैकी काही अचानक उद्भवल्यास तो मेंदूचा झटका (पक्षाघात) असू शकतो. तेथे व्यायाम न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.