झिजलेले अस्सल नाणे आणि ओतीव नक्कल: पुसटपणा कोठे आहे ते पाहा

ऑनलाइन विक्रीला ठेवलेल्या जुन्या चांदीच्या नाण्याचे छायाचित्र पाहताना सर्वाधिक गफलत होते ती दोन गोष्टींत: वर्षानुवर्षे हातांतून फिरून झिजलेले अस्सल नाणे आणि अशाच एखाद्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल. दोहोंवरचा चेहरा पुसट असतो, अक्षरे बोथट असतात आणि चमक उतरलेली असते. ‘जुने आहे, झिजणारच’ हे विक्रेत्याचे उत्तरही दोन्हींना सारखेच लागू पडते आणि पहिल्याच्या बाबतीत ते खरे असते. म्हणून पुसटपणा आहे की नाही, यावर वेळ घालवू नये. तो नाण्यावर नेमका कोठे आहे, हे पाहावे.

टाकसाळीत नाणे पाडताना धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये जबरदस्त दाबाखाली सापडते आणि न वितळताच तो धातू ठशांतील खाचांमध्ये सरकत जाऊन भरतो. त्यामुळे उठावाच्या अक्षराची भिंत जेथे सपाट पृष्ठभागाला मिळते, तेथील कोन धारदार निघतो. पुढे व्यवहारात नाणे घासले जाते ते वरच्या बाजूने. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर घ्या, जो 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडला गेला आणि ज्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्यावर प्रथम झिजतात ते स्वातंत्र्यदेवतेचे कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती, कारण तेच भाग सर्वांत उंच आहेत. केसांच्या बटा सपाट झालेल्या असतानाही अक्षरांच्या पायथ्याशी कोन शाबूत असतो, त्या आडोशाला काळपट मळ साचलेला असतो आणि उंचवटे मात्र वेगळ्या, उजळ रंगाचे दिसतात.

ओतीव नकलेत हा क्रमच नसतो. वितळलेला धातू साच्याच्या बारीक कोपऱ्यांत पूर्ण पोहोचत नाही, थंड होताना आकसतो आणि त्यात अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने मागे खळगे ठेवते. परिणामी गालावरचा उंचवटा जितका मऊ, तितकाच अक्षराचा पायथाही मऊ दिसतो, जणू सगळ्या नाण्यावर मेणाचा पातळ हात फिरवला आहे. चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत, जी अस्सल नाण्यात झिजली तरी गुळगुळीतच राहते, छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर रवाळपणा किंवा टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात. ओरखडे मात्र साचा इमानदारीने उचलतो. मूळ नाण्यावर कपाळापाशी ओरखडा असेल तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नकलेवर तो त्याच जागी, त्याच तिरकसपणाने येतो. म्हणून एकाच विक्रेत्याची दोन नाणी शेजारी ठेवून पाहावीत. दोन वेगळ्या नाण्यांना एकाच जागी एकच जखम होत नाही.

मी स्वतः विक्रेत्याकडे पहिले छायाचित्र कडेचे मागतो, आणि ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवतो. अस्सल नाण्याच्या कडेच्या उभ्या खाचा झिजून उथळ झाल्या तरी त्यांचे अंतर सारखे राहते. ओतीव नाण्यात दोन अर्धे साचे जेथे जुळतात तेथे कडेभोवती बारीक शिवण उरते आणि ती घालवण्यासाठी कानस फिरवलेली असते. धातू ज्या तोंडातून आत सोडला, तेवढ्याच जागी खाचा तुटलेल्या किंवा हाताने कोरलेल्या दिसतात.

अस्सल गोष्टीला आपण खणखणीत नाणे म्हणतो ते आवाजावरून, पण छायाचित्राला आवाज नसतो. त्याच्या जागी वजन मागता येते, आणि तेही तराजूवर ठेवलेल्या नाण्याच्या छायाचित्रासह. मात्र केवळ वजनावर विसंबू नये, कारण झिजेनेही वजन उतरते. मॉर्गन डॉलरचे ठरलेले वजन 26.73 ग्रॅम आणि व्यास 38.1 मिलिमीटर आहे. झिजलेला नमुना 26.1 ग्रॅम भरला तर त्यात वावगे काही नाही. झिजेने जे बदलत नाही ते धातूचे घनत्व. नाणे हाती आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याच्या आत, पाण्याचा पेला शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काठाला टेकू न देता, पूर्ण बुडवावे. तराजूवर येणारा आकडा म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये नाण्याचे आकारमान. झिजलेल्या 26.1 ग्रॅमच्या नाण्याला तो सुमारे 2.53 येतो, भागाकार 10.3 निघतो, जो 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबे या मिश्रणाला साजेसा आहे. पितळेचे घनत्व 8.5 च्या आसपास असते, त्यामुळे त्याच आकाराची पितळी नक्कल मुळात 22 ग्रॅमच्या आसपासच भरते, आणि वजन जुळवायचे तर तिला सुमारे पाचव्या हिश्शाने जाड करावे लागते. लोहचुंबकाला मी फारसा मान देत नाही: नाणे चिकटले तर ते चांदीचे नाही हे कळते, पण पितळ आणि जस्तही चिकटत नाहीत.

झीजसुद्धा बनावट असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन बनावटकार प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरून नाणी पाडत असे आणि ती जुनी दिसावीत म्हणून तेलकट लोखंडी किसासह एका पेटीत घालून, ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवत असे. अशा घुसळणीत नाणे सगळीकडून थोडे थोडे घासले जाते, आडोशाचे कोपरेही सुटत नाहीत. बोटांनी आणि खिशांनी होणारी झीज इतकी समदर्शी नसते. शिवाय ठसा मारून पाडलेल्या नकलेत खळगे आणि शिवण सापडणारच नाहीत, तेव्हा तेथे वरची ओतीवपणाची कसोटी लावून निर्धास्त होणे चुकीचे ठरेल; अक्षरांची वळणे खात्रीच्या नमुन्याशी एकेक करून ताडून पाहावी लागतात.

उलट बाजूने, ओतीव म्हणजे बनावट हे समीकरणही सर्वत्र चालत नाही. चीनची चौकोनी भोकाची नाणी दोन हजारांहून अधिक वर्षे ओतूनच केली जात होती, त्यामुळे रवाळ पृष्ठभाग आणि कानशीच्या खुणा तेथे दोष मानता येत नाहीत. तेथे व्यास मोजावा: तयार नाण्यावरून साचा घेऊन पुन्हा ओतलेली नक्कल थंड होताना आणखी एकदा आकसते, आणि त्याच प्रकारच्या खात्रीच्या नाण्यांशेजारी ती किंचित लहान व अक्षरांत अधिक भरलेली दिसते.