आठवून उजळणी

आठवून उजळणी : शिकलेला मजकूर पुस्तक मिटून मनातून काढायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तसेच करायचे, ही अभ्यासपद्धती. पुन्हापुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ही ओळखच ‘येते’ असे वाटायला लावते. प्रश्न समोर आला की मात्र मजकूर आठवत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. विसरणे पहिल्या तासाभरात सर्वांत वेगाने होते, मग मंदावते, असे त्यांत दिसले. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे हे तो आठवून लिहिणाऱ्यांच्या पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के, तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन दुसऱ्या दिवशी साथ देते आणि नंतर पुसले जाते, ते यामुळेच.

तीन-चार पाने समजून वाचावीत, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते दहा मिनिटे लिहावे. अडले की लगेच पान उघडू नये. अर्धा-एक मिनिट ताण द्यावा, कारण स्मरण पक्के होते ते या धडपडीतच. मग पुस्तकाशी ताडून सुटलेले व चुकलेले वेगळ्या शाईने लिहावे. ही पायरी गाळली तर चूकच पाठ होते. पुढची उजळणी त्या शाईपासून सुरू करावी : साधारण १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी.

शब्द, सूत्रे, सनावळ्या यांसाठी विज्ञानलेखक सेबास्टियान लाइटनर यांची कप्प्यांची कार्डपेटी सोयीची. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने काढतात. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. चार मुद्दे कोंबले की तीन आठवूनही कार्ड ‘बरोबर’ धरले जाते. कार्डे पिसावीत, नाहीतर उत्तर क्रमावरून सुचते. रोज दहा-पंधरांहून अधिक नवी कार्डे घातली, तर दोन-तीन आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो आणि अनेक जण तिथेच पेटी सोडतात. अशा वेळी नवी कार्डे थांबवून जुनी आधी संपवावीत.

न समजलेला मजकूर या पद्धतीने फक्त घोकला जातो. त्यासाठी ‘असे का?’ याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत आधी लिहून पाहावे.