ढिगाऱ्यावर आधी पोहोचले ते शेजारी

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटी भूकंपाने हादरली. हाती लागेल ते घेऊन शेजारीपाजारीच ढिगारे उपसू लागले. प्रशिक्षण नसतानाही त्यांनी आठशेहून अधिक माणसे जिवंत बाहेर काढली. त्या धडपडीत शंभरच्या आसपास स्वयंसेवकांनी मात्र जीव गमावला. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने ते तसे वाचले आणि नागरिकांना बचावकार्य शिकवायला सुरुवात केली. १९९३ पासून हे प्रशिक्षण अमेरिकाभर उपलब्ध झाले.

मे १९९४ मध्ये योकोहामा येथील आपत्ती निवारणाच्या जागतिक परिषदेने लोकसहभागाची गरज मांडली. त्यानंतर आठच महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमध्येच कोबे शहर भूकंपाने कोसळले. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. ढिगाऱ्यांतून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढले होते. यंत्रणा पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून गेले होते.

कोबेमधल्या मानो वस्तीची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. दाटीवाटीची लाकडी घरे आणि त्यांना खेटून कारखाने. इथले रहिवासी १९६० च्या दशकात एकत्र आले ते प्रदूषणाविरुद्ध. त्या लढ्यातून बैठकांची सवय लागली, पुढे वस्तीच्या विकासाचा आराखडाही रहिवाशांनी महापालिकेसोबत बसून केला. भूकंपानंतर आग लागली तेव्हा बादल्यांची साखळी धरायला माणसे तयार होती, आणि शेजारच्या कारखान्याचे अग्निशमन पथकही मदतीला आले. आग आटोक्यात राहिली. आपत्तीसाठी म्हणून बांधलेले नसलेले हे नाते तीस वर्षांनी कामी आले.

याच कोबेमध्ये जानेवारी २००५ मध्ये, हिंदी महासागरातील त्सुनामीला महिनाही झाला नसताना, १६८ देशांनी आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा ह्योगो कृती आराखडा स्वीकारला. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शहरांसाठी स्वतंत्र मोहीम सुरू करून महापौरांना थेट हाक दिली. ह्योगोची जागा घेणाऱ्या २०१५ च्या सेंदाई आराखड्याने नागरी संघटना, उद्योग, विद्यापीठे आणि माध्यमे या सर्वांच्या भूमिका नोंदवल्या. अपंग व्यक्ती आणि त्यांच्या संघटनांनाही केवळ मदत घेणारे न मानता, धोक्याचे मूल्यमापन आणि नियोजन करणाऱ्यांत स्थान दिले.